मंगळवारची नऊ मिनिटं

गावाला इंटरनेट पुरवणाऱ्या त्या छोट्याशा कंपनीत तारा ओढणारे सहाजण होते, तक्रारी ऐकणाऱ्या दोघी होत्या, एक साहेब होते आणि एक मोजणीबाई होत्या. मोजणीबाईंचं काम काय, ते कुणाला चटकन सांगता येत नसे. त्यांच्या सासूबाईंनी एकदा ते शेजारणीला असं समजावलं होतं, "रस्त्यावरून किती गाड्या गेल्या ते मोजते ती. आत कोण बसलंय ते तिला दिसत नाही, आणि दिसलं तरी बोलायचं नाही." बावीस वर्षांत याहून नेमकं कुणालाच सांगता आलं नव्हतं.

मागच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. टेबलावर तीन पडदे, आणि त्यांवर दिवसभर सरकणाऱ्या रेघा. कुठल्या रस्त्याच्या पेटीतून किती डेटा गेला, कुठली तार तुंबली, कुठे जाड तार टाकायला हवी, हे त्या रेघांवरून ठरायचं. रस्त्यांच्या रेघांखाली घरांच्या रेघा असत. त्या खरं तर तक्रार आली तरच उघडायच्या. पण माणूस बावीस वर्षं एकाच खिडकीशी बसला की येणारे-जाणारे ओळखीचे होतातच. कुठल्या घरात बाळ आलं, कुठे नोकरी गेली, कुठे दोघांच्या जागी एकच उरलं, हे मोजणीबाईंना त्या घरच्या पाहुण्यांच्याही आधी कळे. कळे आणि तिथेच राही. बाजारात ती माणसं समोर आली तरी त्या भाजी निवडत राहायच्या.

शिवणबाईंची रेघ अशीच ओळखीची झाली. शिवणबाई म्हणजे सत्तरीच्या एकट्या बाई, गावाच्या जुन्या भागात तळमजल्यावर राहायच्या. आयुष्यभर लोकांचे कपडे शिवले आणि आताही थोडंफार शिवत. त्यांच्या रेघेत एक खोड होती. रोज संध्याकाळी पाचच्या ठोक्याला ती टाचणीएवढी वर उठायची, पंचेचाळीस सेकंद तशीच राहायची आणि खाली बसायची. फोनवर कुणी बोलत असेल तर रेघ जाड होते आणि दोन्ही बाजूंनी वाहते. ही नुसती टाचणी. माणूस इतका घड्याळबरहुकूम वागत नाही, तेव्हा यंत्रात काहीतरी घुसलं असणार, असं धरून मोजणीबाईंनी शिडीवाल्याला पाठवलं.

शिडीवाला म्हणजे तारा ओढणाऱ्यांतला सर्वांत जुना. जिथे जाईल तिथे शिडी खांद्यावर, अगदी तळमजल्यावर जायचं असलं तरी. तासाभरानं तो हसत परत आला.

"बाई, काही घुसलेलं नाही. म्हातारी पाच वाजता टॅबवरून लेकीला फोन लावते. लेक उचलत नाही. रिंग वाजून वाजून आपोआप बंद होते. मला चहा दिला आणि म्हणाली, ती कामात असते हो, चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक असतं ना त्या वेळेला."

"मग दुसऱ्या वेळेला का लावत नाहीत?"

"हेच मी विचारलं. तर म्हणे, पाचची वेळ ठरलेली आहे आमची."

त्यानंतर मोजणीबाईंनी त्या रेघेकडे तक्रार म्हणून कधी पाहिलं नाही. पण पाहायच्या. शिवणबाई टॅबवर गाणी लावत, हेही त्यांना कळू लागलं. गाण्यांची रेघ सरळ चालते, पण यांच्या रेघेत जागोजागी खंड असत, चार मिनिटांचा, सात मिनिटांचा. शिलाई मशीनचा आवाज सुरू झाला की गाणं ऐकू येत नाही, म्हणून त्या ते थांबवत असणार. रेघेवरून बाई शिवतायत कधी आणि हात टेकून बसल्यात कधी, ते कळायचं. दिवेलागणीपर्यंत ती रेघ चाळणीसारखी दिसायची. आणि मध्ये पाच वाजताची ती टाचणी. चार-पाच महिने, एकही दिवस चुकला नाही.

एका बुधवारी टाचणी उठली नाही.

मोजणीबाईंनी ते त्याच संध्याकाळी पाहिलं. घरातल्या राउटरची धुगधुगी चालू होती. वीज आहे तोवर ते खोकं दर मिनिटाला कंपनीला 'मी आहे' एवढं कळवत राहतं. त्यामुळे यंत्राच्या हिशेबी त्या घरात सगळं ठीक होतं, कसलाच लाल दिवा लागला नाही. मोजणीबाईंना तर बरंच वाटलं. गेली असेल लेकीकडे, एकदाची समोरासमोर गाठ पडली असेल, असं त्यांच्या मनात आलं. गुरुवारीही रेघ सपाट. शुक्रवारी त्या मनाशी म्हणाल्या, चांगली आठवडाभर राहतेय वाटतं.

अकराव्या दिवशी शेजाऱ्यांनी दार फोडायला लावलं.

शिवणबाई मशीनपुढच्या खुर्चीत होत्या. टॅब मांडीवर, बॅटरी संपलेली. डॉक्टरांनी सांगितलं की मंगळवार संध्याकाळ ते बुधवार दुपार यांमध्ये कधीतरी त्या गेल्या असाव्यात. अकरा दिवसांनी याहून जास्त काय सांगणार? बातमी शिडीवाल्यानंच आणली. या वेळी हसत नव्हता. "आपलं खोकं चालूच होतं बाई," एवढंच तो दोनदा म्हणाला.

त्या दिवशी मोजणीबाईंनी दाराची कडी लावून मंगळवारची रेघ उघडली. असं करायची परवानगी त्यांना नव्हती. तरी उघडली.

दुपारभर नेहमीची चाळणी होती. गाणं, खंड, गाणं, खंड. पाच वाजता टाचणी. पाच वाजून दोन मिनिटांनी दुसरी. मग तिसरी. वीस मिनिटांत सात टाचण्या. त्यांच्या मध्येमध्ये गाणी, कारण फोन संपला की गाणं आपोआप पुढे सुरू होतं. आणि सातव्यानंतर गाण्यांची रेघ चालली ती सरळ, इस्त्री केल्यासारखी. एकामागून एक गाणं आपलं आपण लागत गेलं. एकही खंड नाही. अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी बॅटरी संपली तेव्हा ती तुटली.

मोजणीबाईंना कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती. पाच वीसनंतर त्या टॅबला कुणाचा हात लागला नव्हता.

त्याच क्षणी त्यांच्या मनात एक सुटकेचा श्वास येऊन गेला. म्हणजे बुधवारी टाचणी चुकली तेव्हा मी पळत गेले असते तरी उशीरच झाला असता. तो श्वास आल्याची त्यांना इतकी लाज वाटली की त्या दिवशी त्या डबा न उघडताच घरी घेऊन गेल्या.

घराची वीज कुणीतरी मुख्य बटणापासून बंद केली. राउटरची धुगधुगी थांबली. कनेक्शन तोडायला कुणी सांगितलं नाही, म्हणून यादीत नाव राहिलं आणि नावापुढे रिकामी जागा. असे तीन महिने गेले.

मग एका सोमवारी, पाच वाजता, ती रेघ टाचणीएवढी वर उठली.

मोजणीबाई चष्मा पुसत होत्या. त्यांनी चष्मा लावला, पुन्हा पाहिलं. पंचेचाळीस सेकंद झाले आणि रेघ खाली बसली.  बाजूच्या खोलीत तक्रारी ऐकणाऱ्या दोघी कुणाच्या तरी साखरपुड्याबद्दल हसत होत्या, तो आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. मोजमापात चूक असेल म्हणून त्यांनी दुसऱ्या मीटरवर तपासलं. तिथेही तेच. त्याच घरातून, त्याच फोनसेवेकडे, तेवढेच सेकंद.

मंगळवारी पुन्हा. बुधवारीही.

गुरुवारी त्यांनी शिडीवाल्याला बोलावलं. त्यानं पडद्याकडे पाहिलं आणि शिडीच खाली ठेवली. "बाई, तुम्ही म्हणाल त्या खांबावर चढतो. पण भुताच्या तक्रारीला आपल्याकडे फॉर्म नाही."

"नुसतं बाहेरून बघून ये."

तो जाऊन आला. दाराला कुलूप, खिडक्या बंद, शेजारीण म्हणते कुणी येत नाही, जात नाही. "मी मात्र पाचच्या आत निघून आलो," त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं.

त्या दिवशी घरी मोजणीबाईंच्या हातून दोन पेले फुटले. सासूबाईंचं वय ब्याऐंशी, पण नजर अजून सुईच्या नेढ्यातून जाणारी. त्यांनी विचारलं तेव्हा मोजणीबाईंनी पहिल्यांदाच कामातली गोष्ट घरात सांगितली. मंगळवारच्या सरळ रेघेसकट सगळं सांगितलं. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं.

"मेलेलं माणूस फोन कशाला लावेल गं? त्याला यायचं तर येईल सरळ. जिवंत माणसालाच यायची हिंमत होत नाही, म्हणून तो फोन लावतो. जाऊन बघ."

शुक्रवारी मोजणीबाई साडेचारलाच निघाल्या. ऊन अजून चांगलं होतं. जुन्या भागातला तो रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानांच्या पाठी आणि मध्येच राहती घरं. शिवणबाईंच्या दाराला खरंच कुलूप होतं. कडेनं एक बोळ मागे जात होता. त्या बोळात शिरल्या. मागचं दार बंद होतं, पण त्याच्या पायरीवर धूळ नव्हती.

पाच वाजले, आणि दारापलीकडे रिंगचा आवाज सुरू झाला. एखाद्याला फोन लावला की आपल्या कानात वाजतो तो आवाज, पण उघडा, खोलीभर. मोजणीबाईंनी आयुष्यभर ही गोष्ट रेघ म्हणूनच पाहिली होती. तिला आवाज असतो हे ठाऊक असूनही त्यांनी भिंतीला हात टेकला. वाजत राहिलं, वाजत राहिलं आणि बंद झालं.

त्यांनी कडी वाजवली.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. आत पस्तिशीची एक बाई उभी होती, डोळ्यांखाली काळं, केस कसेतरी बांधलेले. "काय पाहिजे?"

"मी इंटरनेट कंपनीतून आलेय. या घरच्या लाइनचं मीटर माझ्याकडे असतं."

"कनेक्शन बंद करायला आलात?"

"नाही. पाच वाजता फोन लागतो, तो कोण लावतं ते बघायला आले." मग त्या बाईचा चेहरा उतरलेला पाहून दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी विचारलं, "तुम्ही त्यांची लेक ना?"

ती दारातून बाजूला झाली.

खोलीत मशीन, खुर्ची, भिंतीला टेकवलेल्या कापडाच्या गुंडाळ्या. मशीनवर निळा सदरा तसाच पडलेला. एक बाही जोडलेली, दुसरी पुठ्ठ्यावर आखून ठेवलेली. टेबलावर टॅब, आणि त्याच्या शेजारी लेकीचा फोन. लेक म्हणाली की ती तासाभराच्या अंतरावरच्या गावात राहते. रजा टाकलीय, मागच्या दारानं येते, कारण पुढच्या बाजूला शेजारणी बघतात आणि बघून काही बोलत नाहीत, ते सहन होत नाही; विजेचं मुख्य बटण तेवढ्यापुरतं चालू करते आणि जाताना बंद करते.

"फोन तुम्ही स्वतःलाच लावता?"

"हो. तिच्या टॅबवरून माझ्या नंबरला." लेक खुर्चीत नाही, जमिनीवर बसली. "माझा फोन वाजत नाही. मी तिला ब्लॉक केलंय ना. अजून तसंच आहे."

मग तिनं सांगितलं, तुकड्या-तुकड्यांत. तिचं नवऱ्याशी पटलं नाही, ती वेगळी झाली. आई तिच्या नकळत त्या माणसाकडे गेली, पोरीला परत न्या म्हणून हात जोडून आली. हे कळलं तेव्हा लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं आईचा नंबर बंद केला. आठ दिवसांसाठी, असं ठरवून.

"आणि विसरले. खरंच विसरले हो. पंधरा दिवसांनी राग गेला. मी वाट बघायला लागले की ही फोन करेल. केला नाही. म्हटलं, चूक हिची आणि ताठा पण हिचाच? मग मीही नाही केला. पाच महिने मी हिला ताठ म्हणत होते." तिनं टॅबकडे बोट केलं. "यात सगळं आहे. रोज पाच वाजता. रोज! आणि शेवटच्या मंगळवारी सात वेळा."

मोजणीबाई दाराजवळच्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी पर्स घट्ट धरली होती.

"नंबर उघडावा म्हणते," लेक म्हणाली, "पण उघडला तर वाजेल. वाजला तर उचलावासा वाटेल. आणि उचलला तर पलीकडे मीच असणार."

 बोळातून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," मोजणीबाई म्हणाल्या. "बुधवारी पाच वाजता तुमच्या आईचा फोन लागला नाही, हे मी पाहिलं होतं. त्याच दिवशी. मला वाटलं, त्या तुमच्याकडे आल्या असतील. मला आनंद झाला. मी अकरा दिवस तसंच समजत राहिले."

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं, पण बोलणं जणू अर्धंच तिच्यापर्यंत पोचलं. तिच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. ती गुडघ्यांवर पुढे सरकली.

"तुम्हाला लाइन दिसते म्हणता. मग मला एकच सांगा. त्या सात फोननंतर ती होती का? मी उचलत नाही म्हणून... म्हणजे तेव्हाच तिला काहीतरी होत होतं का? डॉक्टर बुधवार दुपारपर्यंत म्हणतात. तुम्ही सांगा. काही कळतं का?"

ग्राहकाच्या लाइनबद्दल कुणालाही, अगदी घरच्यांनाही, एक अक्षर सांगायचं नाही, हा नियम होता. 'आम्हाला ते दिसत नाही' एवढं म्हणून उठता आलं असतं. मोजणीबाईंनी तोंड उघडलं ते तेवढंच म्हणायला. पण समोरची बाई जमिनीवर गुडघे टेकून त्यांच्या ओठांकडे पाहत होती. सरळ रेघ त्यांच्या डोळ्यांपुढे होती, अकरा सत्तेचाळीसपर्यंत, बिनखंडाची.

"होत्या," त्या म्हणाल्या. "गाणी लावली होती त्यांनी. शिवायला बसल्या की गाणं थांबवायच्या, त्यामुळे रेघेत खंड पडतो. त्या संध्याकाळी फोननंतरही एक खंड आहे. सात वाजून बारा मिनिटं ते सात एकवीस. नऊ मिनिटं."

आकडा असा सहज बाहेर पडला की त्यांनाच नवल वाटलं. बावीस वर्षं खरे आकडे सांगितलेल्या जिभेवर खोट्यालाही खऱ्याची चव आली.

लेक वळून मशीनकडे पाहू लागली. "नऊ मिनिटं," ती म्हणाली. "बाही जोडायला तिला तेवढाच वेळ लागायचा. म्हणजे ही बाही फोननंतरची." तिनं निळ्या कापडावर हात ठेवला. "मग ते फोन... तिला बरं वाटत नव्हतं म्हणून नव्हते. चिडली असेल. चिडली की अशीच लागोपाठ लावायची. आणि मग बसली असेल शिवायला."

"हो."

लेक रडली. मोजणीबाई उठून तिच्या पाठीवर हात ठेवावा का, या विचारात होत्या, तेवढ्यात रडणं थांबलं. लेक अगदी सावकाश मागे वळली. आता मघाचं अर्धं बोलणंही तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"म्हणजे सव्वासातला ती ठणठणीत होती."

"हो."

"म्हणजे रात्री, नाहीतर बुधवारी काहीतरी झालं. बुधवारी पाचला ती पडलेली असेल. जिवंत असेल कदाचित. आणि तुम्ही बघत होता."

मोजणीबाईंना हे आधी सुचलंच नव्हतं. खोटं बोलताना माणूस समोरच्याचं ओझं उचलतो, पण ते ठेवायचं कुठे याचा विचार करत नाही. आता ते कुठे येऊन पडलं, ते त्यांना लख्ख दिसलं. एका वाक्यात ते झटकता आलं असतं: नाही हो, त्या मंगळवारीच गेल्या होत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मी बघत होते."

"एवढी काळजी होती तर दार वाजवायला काय झालं होतं? पंधरा मिनिटांवर तुमचं ऑफिस!" लेक उभी राहिली. आवाज चढला, पण त्या आवाजात आता जीव होता. "निघा इथून. चालत्या व्हा."

मोजणीबाई बोळातून बाहेर आल्या. पुढच्या दारांत दोन शेजारणी उभ्या होत्या, सगळं ऐकून.

आठ दिवसांनी कंपनीत लेकीचं तक्रारीचं पत्र आलं, त्यात त्या नऊ मिनिटांच्या खंडाचाही उल्लेख होता. साहेबांनी मोजणीबाईंना बोलावलं, दार लावलं. साहेबांनी मंगळवारची रेघ आधीच कागदावर काढून पाहिली होती.

"बाई, हे काय आहे? हिच्यात खंड कुठे आहे? तुमचा यात काडीचाही दोष नाही. हा कागद तिच्या हातात दिला की विषय संपला."

"देऊ नका."

"अहो, ती तुमच्या नावानं गावभर बोंब मारतेय."

"मारू दे. साहेब, ग्राहकाची रेघ बाहेर द्यायची नाही असा नियम आहे ना आपला?"

साहेबांनी तो कागद दुमडून खणात ठेवला. मग म्हणाले, "आहे." त्यांनी पत्राला दोन ओळींचं उत्तर लिहिलं आणि मोजणीबाईंना लेखी समज दिली, विनापरवानगी ग्राहकाच्या घरी गेल्याबद्दल. तेवढं तर खरंच होतं.

लेक कामावर रुजू झाली, असं शिडीवाल्यानं कुठून तरी ऐकून सांगितलं. पाचची टाचणी त्या शुक्रवारनंतर उठली नाही. मोजणीबाई नव्या कामाला लागल्या. ज्या घरात एकटं माणूस आहे आणि रोजची रेघ दोन दिवस उठली नाही, त्या घरी फोन करायचा आणि म्हणायचं, "लाइन तपासतोय, सगळं ठीक आहे ना?" साहेबांनी त्याकडे काणाडोळा केला. बहुतेक जण वैतागत. एक आजोबा तर म्हणाले, "बाई, मी चार दिवस पुस्तक वाचत होतो, तो गुन्हा आहे का?"

पण घरी एक भलतीच गोष्ट सुरू झाली होती. संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं झाली की मोजणीबाईंचे हात थांबत. कणीक मळत असोत, कपड्यांच्या घड्या घालत असोत, हात जिथल्या तिथे. आणि त्यांना मशीनचा आवाज येई. आधी सावकाश, मग लय धरून, मध्येच थांबून, कापड फिरवल्यासारखा. निळं कापड, वाकलेली मान, दाताखाली धरलेला दोरा, सगळं दिसे. ज्या बाईला त्यांनी उभ्या आयुष्यात एकदाही पाहिलं नव्हतं, तिचे हात त्यांना पाठ झाले होते. त्यांनी तिला नऊ मिनिटं जास्त जगवलं होतं, आणि ती नऊ मिनिटं जगायला ती रोज त्यांच्याकडेच येत होती. सात एकवीसला आवाज थांबे आणि हात सुटत.

सासूबाईंनी महिनाभर पाहिलं. मग एकदा म्हणाल्या, "रोज याच वेळेला कुठे जातेस गं, इथे उभ्या उभ्या?"

मोजणीबाईंनी खरं ते सांगितलं.

"भीती वाटते?"

"भीती नाही हो. पण रोज बाही पुरी होते, आणि मला वाटतं आता ती मान वर करून विचारेल, मी होते का गं तेव्हा?"

  दुसऱ्या दिवसापासून सासूबाई सात वाजता आपली खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात बसू लागल्या.

कंपनीत रेघा वर्षभर ठेवत आणि मग पुसत. तो मंगळवार पुसायचा दिवस आला तेव्हा ते काम मोजणीबाईंचंच होतं. पुसण्याआधी त्यांनी रेघ एकदा उघडली. पाच वीसपासून अकरा सत्तेचाळीसपर्यंत सरळ. पण सात बारापाशी नजर गेली आणि त्यांना वाटलं, इथे काहीतरी आहे. अगदी बारीक, एखादा टाका उसवावा तेवढं. त्यांनी ती जागा मोठी करून पाहिली असती तर कळलं असतं. बोट बटणावर होतं.

त्यांनी मोठी केली नाही. पुसून टाकली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी बाजारात लेक समोरून आली. दोघी चुकवू शकल्या असत्या, पण रस्ता अरुंद होता. लेकीचा चेहरा भरला होता. अंगात निळा सदरा होता, दोन्ही बाह्यांचा.

"आईचं घर देऊन टाकलं," ती म्हणाली. "यापुढे येणं होणार नाही इकडे."

"बरं."

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नका करू," मोजणीबाई म्हणाल्या.

लेक दोन पावलं गेली आणि थांबली. पाठमोरीच होती. "त्या नऊ मिनिटांनंतर तिनं पुन्हा गाणं लावलं होतं का?"

मोजणीबाईंना उत्तर द्यायला क्षणही लागला नाही, आणि त्या क्षणी आपण खरं बोलतोय की खोटं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"लगेच," त्या म्हणाल्या. "लगेच लावलं."

लेकीनं मान हलवली आणि ती गर्दीत मिसळली. मोजणीबाई भाजीच्या टोपल्यापाशी उभ्या राहिल्या. भाजीवालीनं दोनदा विचारलं, काय देऊ बाई, तेव्हा कुठे त्यांनी पिशवी उघडली.